प्लॅन महिन्याचा, भिंत जन्माची

॥ श्री ॥

पुणे, चैत्र

चि. सोनूस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. माडीच्या दुरुस्तीला गवंडी या पंधरवड्यात हात घालणार, वायरमनही त्याच सुमारास येणार आणि नेमक्या याच वेळी केबलवाल्याने शंभरऐवजी तीनशेचा प्लॅन, नवा राउटर आणि मेश, म्हणजे एकमेकांशी बोलणारे वायफायचे डबे, असा सगळा संच सुचवला आहे. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये तुझा आवाज तुटतो, म्हणून हे सगळं घ्यावं का, असं तू विचारलं आहेस. माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या आणि इंटरनेटच्या तारांत गेली. तेव्हा उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. प्लॅन आत्ता वाढवू नकोस. राउटरचं चाचणी केल्यावर ठरव. भिंतीतून पाइप आणि लॅनची केबल मात्र गवंडी घरात आहे तोवर टाकूनच घे, त्यात अजिबात हात आखडू नकोस.

आधी गरज किती ते बघू. प्लॅनवर छापलेला आकडा मेगाबिटचा असतो आणि फाइल उतरताना लॅपटॉपवर बहुतेकदा दिसतो तो मेगाबाइटचा. एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरले, तर लाइन पूर्ण वेगाने चालली आहे असं समज. आता घरात काय काय चालतं? नेटफ्लिक्स फुल एचडीला ५ आणि फोर-के चित्राला १५ एमबीपीएस लागतील असं सांगतं. झूमच्या ग्रुप मीटिंगला १०८० पी चित्र लावलं, तरी जाणारे आणि येणारे दोन्ही मिळून आठच्या आतच राहतात. तू मीटिंगमध्ये, भावोजी टीव्हीवर सिनेमा लावून आणि ताई फोनवर कीर्तन बघत, अशी सगळ्यांची बेरीज केली तरी तिशीच्या आसपास थांबते. तुमच्याकडे शंभर आहेत. तेव्हा तुझा आवाज तुटतो, तो शंभर अपुरे पडतात म्हणून नव्हे. एक तर ते माडीपर्यंत पोचत नाहीत, नाहीतर पोचतात पण वेळेवर पोचत नाहीत. या दोन्ही दुखण्यांवर तीनशेचं औषध लागू पडत नाही.

म्हणून पैसे काढण्याआधी एक वही काढ. ओटीवर फायबर ज्या डब्यात शिरते, तो ओएनटी. तुमच्याकडे राउटरही त्यातच आहे. त्याच्या लॅन पोर्टला लॅपटॉप केबलने जोड, लॅपटॉपचं वायफाय बंद कर आणि स्पीड टेस्ट घे. एकदा सकाळी घे, एकदा रात्री नऊच्या सुमारास, कारण त्या वेळी आळीतली सगळी घरं नेटवर असतात. मग केबल काढून डब्याजवळच उभी राहून वायफायवर घे. मग जिन्याच्या तळाशी, आणि शेवटी माडीवर तुझ्या टेबलापाशी. केबलवर सकाळ-रात्र दोन्ही वेळा कमी आलं तर दोष लाइनचा. सकाळी ठीक आणि रात्री पडलं तर गर्दीचा. केबलवर ठीक आणि डब्याजवळ वायफायवर पडलं तर राउटर जुना किंवा कमकुवत. डब्याजवळ ठीक आणि माडीवर पडलं तर भिंत आडवी येते आहे. आजारी कोण आहे हे कळल्याशिवाय औषध आणायचं नाही, एवढंच मी तुला सांगतो आहे.

या चाचणीत एक आकडा लक्षात ठेव: ९४. प्लॅन शंभराहून मोठा असूनही टेस्ट ९३-९४ च्या पुढे हलतच नसेल, तर वाटेत कुठेतरी शंभराचा दरवाजा आहे. माझ्या एका स्नेह्याने दोनशेचा प्लॅन घेतला आणि कितीतरी महिने ९४ च वापरले. मी गेलो तेव्हा केबलच्या टोकाची पारदर्शक क्लिप भिंगाखाली धरून पाहिली. लॅन केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. शंभराचा वेग दोन जोड्यांवर चालतो, हजाराच्या वेगाला चारही लागतात. त्या क्लिपमधली निळी तार पितळी दातापर्यंत पोचलीच नव्हती. नेट चालू होतं म्हणून कुणाला शंका आली नाही. फक्त जोडणी मुकाट्याने शंभरावर उतरली होती. क्लिप कापून नव्याने क्रिंप केली आणि दोनशे मिळू लागले. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघता येतो. तिथे १००० दिसायला हवेत, १०० दिसले तर आधी केबल बदलून पाहा. कित्येक स्वस्त राउटरचे पोर्टच शंभराचे असतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० छापलेलं असतं, ते वायफायच्या दोन पट्ट्यांच्या, म्हणजे ३०० आणि ८६७ च्या बेरजेला गोल करून. मागच्या पोर्टमधून मात्र शंभराच्या वर काही आत येऊ शकत नाही. तीनशेचा प्लॅन अशा राउटरला जोडला तर वरच्या दोनशेंचे पैसे दर महिन्याला वाया जातात. केबलवाला जो राउटर देतो आहे, त्याच्या मागचे पोर्ट गिगाबिट आहेत का, एवढं आधी विचार.

आता आपल्या घराकडे येऊ. चिऱ्याची भिंत, दोन्ही अंगांनी गिलावा, जाडी फुटाच्या आसपास. चिरा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो, आणि ओली भिंत वायफायच्या लहरी अधिक खाते. वायफायचे दोन मुख्य पट्टे आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीतून त्यातल्या त्यात बरा जातो, पण त्याचा वेग कमी, एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आणि ऐसपैस आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्यातले ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याविना वापरायला मोकळे केले. पण चिऱ्याच्या दोन भिंती आल्या की तो दम तोडतो. तुमचा डबा ओटीच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागे ठेवलेला आहे. तिथून निम्म्या लहरी खळ्यात आणि पोफळीत जातात, उरलेल्या कपाटावर आपटतात. पहिला उपाय फुकटातला आहे: केबलवाल्याला सांगून डबा माजघरात, फडताळाच्या उंचीवर आणून ठेव. माडीची जमीन फळ्यांची आहे, तिच्यातून लहरी भिंतीपेक्षा सहज वर जातात. लोखंडी कपाट, आरसा, टीव्हीची पाठ आणि पाण्याचं पिंप यांपासून तो दूर राहील असं बघ. डबा हलवताना फायबर घट्ट वळवू देऊ नकोस. काचेचा तो धागा तीव्र वळणावर प्रकाश बाहेर सांडतो.

मेशबद्दल तू उत्साहाने लिहिलं आहेस. त्यातही एक गोष्ट आधी समजून घे. वायफाय म्हणजे माईक एकच असलेली ग्रामसभा. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. लांबच्या खोलीतला जुना फोन हळू बोलतो, म्हणजे माईक जास्त वेळ धरून बसतो, आणि त्याचा फटका डब्याजवळच्या नव्या लॅपटॉपलाही बसतो. स्वस्त रिपीटर लावला की तेच वाक्य दोनदा बोललं जातं, एकदा तुझ्यापासून रिपीटरपर्यंत आणि पुन्हा रिपीटरपासून डब्यापर्यंत. त्यामुळे रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. मेशचे डबे आपसात हवेतून बोलत असतील, तर चिऱ्याची भिंत त्यांच्याही आड येतेच. तेच डबे तारेने जोडले तर मात्र उत्तम चालतात. म्हणजे मेश घे किंवा साधा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेला जोडून वायफाय देणारा डबा, घे, माडीपर्यंत तार जायला हवी, आणि सगळा प्रश्न पुन्हा भिंतीपाशीच येऊन थांबतो.

त्याआधी संध्याकाळचं दुखणं. स्पीड टेस्ट चांगली येते तरी बोलताना आवाज तुटतो, असं झालं तर अपलोडची बाजू तपास. दिवसभर काढलेले फोटो आणि व्हिडिओ घरी वायफायवर आल्यावर, चार्जर लागला की, फोन आपोआप वर चढवू लागतो. जाणारा रस्ता त्याने भरून गेला की राउटरच्या पोटात डेटाच्या पाकिटांची रांग साचते आणि तुझ्या आवाजाचं पाकीट तिच्यात मागे अडकतं. याला बफरब्लोट म्हणतात. फास्ट डॉट कॉमवर टेस्ट झाली की अधिक माहितीचं बटण दाब. तिथे लेटन्सीचे दोन आकडे येतात, लाइन मोकळी असतानाचा आणि भरलेली असतानाचा. पहिला वीस मिलिसेकंद आणि दुसरा दोन-तीनशे असेल, तर तुझा चोर सापडला. बॅकअप रात्री उशिरा किंवा मीटिंग संपल्यावर होऊ दे. राउटरमध्ये क्यूओएसची, म्हणजे कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवण्याची सोय असेल, तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर बांध. यालाही पैसे लागत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहितो आहे. घरातल्या नेटच्या चार वस्तूंची आयुष्यं वेगवेगळी असतात. प्लॅन एका फोनवर बदलतो. राउटर चार-सहा वर्षं टिकतो. चांगली केबल पंधरा-वीस वर्षं जाते. आणि भिंतीतला पाइप घराच्या पुढच्या दुरुस्तीपर्यंत, म्हणजे कदाचित तुझी मुलं मोठी होईपर्यंत तसाच राहतो. लोक पैसे नेमके उलटे खर्च करतात. सहज बदलता येतो तो प्लॅन उद्याची गरज म्हणून आजच मोठा घेतात, आणि पुन्हा फोडता न येणारी भिंत तशीच लिंपून टाकतात. मग पाच वर्षांनी नव्या रंगावरून खिळे ठोकून केबल फिरवावी लागते. तू असं कर: जे भिंतीत जातं ते उद्याच्या हिशोबाने घे, आणि जे महिन्याला बदलता येतं ते आजच्या हिशोबाने.

आणि उद्याची भूक वाढणारच, यात मला शंका नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा आम्ही टेलिफोनच्या तारेवर सेकंदाला काही हजार बिटांवर समाधानी होतो. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला सरकारने ब्रॉडबँड म्हटलं. २०२३ मध्ये ती किमान पातळी २ एमबीपीएसवर गेली, आणि प्रत्यक्षात घराघरांतले प्लॅन त्याच्या कितीतरी पुढे गेलेले आहेत. ही वाढ प्लॅनला जेव्हा लागेल तेव्हा देता येते. भिंतीला ती आत्ताच द्यावी लागते.

तेव्हा वायरमनला पुढचं नीट समजावून सांग, जमलं तर कागदावर लिहून दे. माजघरातल्या डब्याच्या जागेपासून माडीवरच्या तुझ्या टेबलापर्यंत, माडीच्या छतापर्यंत आणि टीव्हीपर्यंत २५ मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप टाकायचे. विजेच्या वायरचा पाइप वेगळा, लॅनचा वेगळा, आणि दोघांत थोडं अंतर. कोपऱ्यावर काटकोनी एल्बो नको, गोल बेंड वापर. प्रत्येक पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेव, म्हणजे पुढे कधी फायबर ओढायची वेळ आली तर भिंत फोडावी लागणार नाही. केबल कॅट ६ घे; तिच्यावर १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातो आणि १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत, एवढं तर आपलं सगळं घरही लांब नाही. टेबलापाशी एकाऐवजी दोन केबली ओढ, मजुरी तेवढीच लागते. छतातल्या केबलवरून ॲक्सेस पॉइंटला वीजही देता येते, त्यामुळे तिथे वेगळा प्लग नको.

केबल विकत घेताना स्वतः दुकानात जा. बाजारात ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते. ती स्वस्त असते, हातात घेतली तर हलकी लागते, आणि वाकवली की लवकर तुटते. आतली एक तार सोलून ब्लेडने खरवड. लाल-तपकिरी रंग जाऊन आत चंदेरी दिसलं तर ती परत कर. शुद्ध तांबं खरवडलं तरी तांबंच राहतं. आणि गिलावा होण्याआधी प्रत्येक केबलला लॅपटॉप जोडून १००० चा लिंक स्पीड दिसतो का, हे बघून घे. गवंडी घाई करेल, तरी तेवढा वेळ त्याला थांबव. मागच्या अंगणातल्या खोलीत पुढे कधी नेट न्यायचं झालं, तर उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नकोस. आपल्याकडे वळवाच्या विजा किती कडाडतात तुला ठाऊक आहे. दोन इमारतींमध्ये धातूचा अंश नसलेली फायबरच योग्य.

राउटर कधी बदलायचा? पोर्ट शंभराचे असतील तर, तो फक्त २.४ वर चालत असेल तर, किंवा कंपनीने त्याला सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं असेल तर. हे शेवटचं कारण वेगाशी संबंधित नाही, तरी मला सगळ्यांत मोठं वाटतं, कारण त्याच वायफायवर भावोजींचं बँकेचं ॲप चालतं. नवा घेतलास तर वायफाय ६ आणि गिगाबिट पोर्ट असलेला पुरे. वायफाय ७ ची उपकरणं २०२४ पासून प्रमाणित होऊ लागली आहेत, पण तुमच्या घरातले फोन आणि लॅपटॉप ते वापरू शकत नसतील, तर त्याचा उपयोग नाही. नवा राउटर लावल्यावर ओएनटीचं वायफाय बंद करायला विसरू नकोस, नाहीतर फोन सवयीने जुन्यालाच चिकटून राहतील.

आणि प्लॅन? तोही वाढवायची वेळ येऊ शकते, मी त्याच्या विरोधात नाही. ५ जीबीची फाइल १०० एमबीपीएसवर चारशे सेकंद घेते, म्हणजे पावणेसात मिनिटं. तीनशेवर सव्वादोन मिनिटं. तुझ्या कामात रोज अशा दहा-वीस फायली ये-जा करू लागल्या, तर तो वाचलेला वेळ तुझाच आहे, खुशाल तीनशे घे. पण आधी माडीवर केबलने शंभर पूर्ण मिळतात हे वहीत दिसू दे. तीनशे घेताना अपलोडचा वेग वेगळा विचार, जीएसटी धरून बिल किती होतं ते विचार, आणि महिन्याच्या किती डेटानंतर वेग कमी करतात तेही विचारून घे.

केबलवाल्याशी भांडू नकोस. भर पावसात खांबावर चढून तुटलेली फायबर जोडणारा तोच आहे. त्याने मोठा प्लॅन सुचवला यात गैर काही नाही, त्याचा तो धंदा आहे. तू त्याला नेमके प्रश्न विचारलेस तर तोही नेमकं काम करेल. रात्री केबलवरचा आकडा पडत असेल, तर वहीतली पानं दाखव. घराघरात फायबर पोचवण्याच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत सुमारे अडीच गिगाबिट वेग एका वेळी ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो, त्यामुळे गर्दी तिथे किंवा त्याच्याही मागे होत असू शकते. ती तुझ्या राउटरने सुटायची नाही. त्याच्याकडच्या पॉवर मीटरने घरात येणारा प्रकाश मोजायला सांग. उणे २७ डीबीएमच्या जवळ आकडा गेला असेल, तर सांधे पुन्हा करून घे, नाहीतर पहिल्या पावसातच एलओएसचा, म्हणजे प्रकाश पोचत नसल्याचा, लाल दिवा लागेल. आणि लाईट गेल्यावर त्याच्या बाजूची यंत्रं बॅटरीवर किती वेळ चालतात, हेही विचार. ती बंद पडत नसतील, तर घरी राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घे. बहुतेक ओएनटी १२ व्होल्टवर चालतात, तरी ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच आण. कोकणातल्या पावसाळ्यात मीटिंग वाचवायला तीनशेच्या प्लॅनपेक्षा याचा जास्त उपयोग होईल.

शहरातली खोली सोडून तू आईवडिलांजवळ राहून नोकरी करायचं ठरवलंस, याचं मला फार कौतुक आहे. ते टिकायचं असेल तर माडीवरचं टेबल ऑफिसातल्या टेबलाइतकंच भरवशाचं असायला हवं. म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. दुसरं म्हणजे, तू चार दिवस बाहेरगावी असशील तेव्हा हे सगळं ताई-भावोजींना सांभाळायचं आहे. वायफायचा पासवर्ड, कुठल्या डब्यावर कुठला दिवा हिरवा असायला हवा, कुठलं बटण कधी दाबायचं आणि केबलवाल्याचा नंबर, असं मोठ्या अक्षरांत लिहून फडताळाच्या आतल्या बाजूला चिकटव. त्यांना वापरता येणार नाही अशी कुठलीही सोय घरात आणू नकोस.

या आठवड्यात डबा हलव, चाचणी घे आणि ते आकडे मला पाठव. सोबत माडीचा एक साधा नकाशाही काढ, म्हणजे पाइप कुठून न्यायचे ते मी त्यावर आखून देतो. गवंडी येण्याआधी एवढं झालं पाहिजे. केबलवाल्याला सांग, प्लॅनचं पावसाळा संपल्यावर बघू.

ताईला आणि भावोजींना नमस्कार. कळावे,

तुझा
मामा